शेपटीखालचं अक्षर

शहापुरात, सराफ गल्लीच्या तोंडाशी
मी काटे दुरुस्त करतो.
वर्षातून एकदा वजनमापवाला येऊन शिक्का मारतो
आणि मग वर्षभर सगळी गल्ली
माझ्या हातावर विश्वास ठेवते.

दाजीबा गलाईशी माझा जुना बोल आहे :
मुशीत टाकायच्या आधी परदेशी काही दिसलं
तर शिट्टी मार.
एकतीस वर्षांत नऊदा शिट्टी वाजली.
पाचदा राणी निघाली, एकदा पोर्तुगीज,
तीनदा अमेरिका.
एक डॉलरचं, नखाएवढं, फुंकलं तर उडेल असं;
अडीचचं, कुणीतरी दातानं तपासलेलं;
आणि हे तिसरं.

काळ्या मण्यांत ओवून आलं होतं.
संपगावची कल्लव्वा. 'नम्म अत्तीद' म्हणाली,
सासूचं.
सासू त्यातल्या बाईला यल्लव्वा म्हणायची,
मंगळवारी हळद लावायची.
तेरा चांदण्यांच्या फेऱ्यात बाई,
केस मागं बांधलेले, कपाळावर पट्टी,
आणि पट्टीवरच्या अक्षरांत हळद इतकी बसलेली
की 'लिबर्टी' मला नखानं वाचावी लागली.

उलटं केलं.
गरुड. एका पायात बाण, दुसऱ्यात डहाळी.
खाली पाच डॉलरचा डी, तो सगळ्यांवर असतो.
पण त्याच्या वर, शेपटीखाली,
मोहरीएवढा आणखी एक डी.

हा मी फक्त पुस्तकात पाहिला होता.
डोंगरातल्या लहानशा गावाची टांकसाळ,
देश दोन झाला तेव्हा बंद पडली,
पुन्हा एक झाला तरी उघडली नाही.
अक्षर तेवढं राहिलं, लोकांच्या खिशात.
आता एका अक्षरानं काय होतं
हे आम्हाला कुणी शिकवावं?
पाटीवरची एक वेलांटी,
तिच्यावर डांबर, डांबरावर रंग,
रंगाखालून पुन्हा वर येणारं डांबर,
हे बघतच आम्ही शाळेत गेलो.

'एष्ट बर्तैत्री?' कल्लव्वानं विचारलं.

म्हणालो, कडी डाखलेली आहे, तायी,
डाख असला की हौशी लोक हात लावत नाहीत.
खरं होतं.
म्हणालो, बावीसचं नाही, जरा कमी भरतं.
तेही खरं होतं.
काट्यावर ठेवलं, काच ओढली,
पंखा बंद करायला लावला.
दाजीबानं दिवसाचा भाव सांगितला,
त्यावर मी माझ्या मनानं दोन हजार घातले,
उदार माणसासारखे.
तिनं नोटा दवाखान्याच्या चिठ्ठीत गुंडाळल्या
आणि दोन्ही हात जोडले.

काटा बरोबर होता.
डीबद्दल मी बोललो नाही.

जाताना पाव किलो कुंदा घेतला.
बायकोनं विचारलं, कुणाचं काय?
म्हटलं, शिट्टी वाजली.

नंतर दोनदा त्या बसमध्ये बसलो.
एकदा संपगाव आलं आणि गेलं,
कंडक्टर माझ्याकडे बघत होता,
मी बैलहोंगलला उतरून चहा प्यालो
नि परतीचं तिकीट काढलं.
दुसऱ्यांदा तर चहाही नाही.

ज्यांना यातलं कळतं ते सांगतात :
जुनं नाणं कधी धुऊ नये.
चकाकतं, पण किंमत जाते.
म्हणून हळद तशीच आहे.
डबी उघडतो, भिंग लावतो, बाईकडे बघत नाही,
सरळ उलटं करतो.

कडी काढून दे, डाग बुजवतो, म्हणाला दाजीबा,
निम्मी किंमत परत येईल.
नको म्हटलं. राहू दे.
कुणी मागायला आलंच
तर गळ्यात घालून जाता येईल.

आलेलं नाही कुणी.